बुधीबाईने बांधलेली नळी

मी पाणी गाळणारा एक जुना आरओ आहे. जुना म्हणून नाक मुरडू नका, मित्रांनो. डहाणूजवळच्या मसोलीत, संगिताच्या स्वयंपाकघरात, २०१४ पासून मी भिंतीला टांगलेला आहे आणि अजून माझ्या नळाला गोड पाणी येते.

मी आलो तेव्हा इथल्या बोअरचे पाणी इतके मचूळ होते की डाळ शिजता शिजत नसे. पहिल्याच दिवशी माझ्या पाण्यात डाळ लोण्यासारखी शिजली. शेजारणी बाटल्या घेऊन येऊ लागल्या. मी फुलून गेलो, हे कबूल करतो.

दोन वर्षांनी संगिताची सासू बुधीबाई तलासरीकडच्या डोंगरातल्या पाड्यावरून राहायला आली. तिला मुतखडा झाला होता. "स्वच्छ पाणी भरपूर प्या, नाहीतर ऑपरेशन करावं लागेल," असे डॉक्टरांनी बजावले होते. म्हणजे तिची सगळी भिस्त माझ्यावर होती.

पण तिची नजर माझ्या मागच्या नळीवर गेली. मी पाणी गाळतो तेव्हा त्यातले क्षार घेऊन खारे पाणी त्या नळीतून मोरीत जाते. बुधीबाईने जन्मभर टेकडी चढून-उतरून हंडे वाहिले होते. एक पेला भरेपर्यंत तीन पेले मोरीत जाताना पाहून तिचा जीव तुटला. संगिता बोईसरला कामाला गेल्यावर तिने ती नळी दुमडली आणि सुतळीने करकचून बांधली.

माझा तर गळाच आवळला. बाहेर जायची वाट बंद, म्हणून सगळे क्षार माझ्या आतल्या, पाणी गाळणाऱ्या पडद्यावर बसू लागले. मला तोंड असते तर मी बोंब ठोकली असती. धार बारीक झाली, पाणी खारट लागू लागले. बुधीबाई पाणी कमी पिऊ लागली आणि तिच्या पोटातली कळ परत आली.

संगिताने मेकॅनिक रूपेशला बोलावले. परका माणूस येणार म्हणून बुधीबाईने आधीच सुतळी सोडून ओटा आवरला. त्यामुळे त्याला काहीच दिसले नाही. त्याने नवा पडदा बसवला. तो गेला आणि सुतळी पुन्हा बांधली गेली. तीन महिन्यांत तोही पडदा निकामी झाला. या खेपेलाही सुतळी आधीच सोडलेली होती. रूपेश म्हणाला, "ताई, मशीनच गेली. भंगारात द्या." आणि तो माझे स्क्रू काढू लागला.

बुधीबाई दारात उभी होती. तिचा चेहरा उतरला.

"थांब बाबा," ती म्हणाली. "मशीन नाय बिघडली. ती नळी मीच बांधत होते. पानी वाया जाताना बघवत नव्हतं."

रूपेशला हसू आले, पण त्याने समजावले, "मावशी, तांदूळ धुतल्यावर धुवण टाकून देता ना? तसंच आहे ते."

"धुवण कोण टाकून देतं?" बुधीबाई म्हणाली. "आम्ही गुरांना पाजतो."

रूपेशने माझे स्क्रू परत लावले आणि नवा पडदा बसवला. बुधीबाईने परसातले निळे पिंप आणून नळीखाली ठेवले. त्या दिवसापासून त्या पाण्याने भांडी, फरशी, मोरी धुतली जाते. माझा श्वास मोकळा झाला आणि पाणीही फुकट जाईना.

बुधीबाईला वाचता येत नाही. पण पिंप भरले की ती भिंतीवर चुन्याची एक रेघ ओढते. शंभर रेघा झाल्या की रूपेशला निरोप जातो, गाळण्या बदलायला ये. तो निरोप एकदाही चुकला नाही. सहा महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, खडा पडून गेला, ऑपरेशन नको.

आता २०१९ उजाडले आहे. परवा शेजारी नवी कोरी मशीन आली. रूपेशने दोन्हींच्या पाण्यात क्षार मोजायचा मीटर बुडवला. तिचा आकडा ऐंशी, माझा साठ. आकडा जितका कमी तितके पाण्यात क्षार कमी. "मावशी, तुमची जुनीच जिंकली," तो म्हणाला, आणि बुधीबाईने शेजारणींकडे असे पाहिले की जणू तीच पाणी गाळते.

मित्रांनो, आमच्या गाळण्या वेळेवर बदला, आमच्या वाटा अडवू नका. आणि हातून चूक झाली तर सांगून टाका. बुधीबाईने ते सांगितले नसते तर मी भंगारात गेलो असतो आणि ती ऑपरेशनच्या टेबलावर. सुनेसमोर आणि परक्या माणसासमोर "मीच" म्हणायला तिला माझ्या पंपापेक्षा जास्त जोर लागला असेल.