मधले दिवस

पडद्यावर एक पाऊल होतं. अंगठ्याच्या मागे रुपयाएवढी जखम. पडद्यावरच हातवाल्या बाबांनी वरून तळहात फिरवला, हात बाजूला गेला आणि अर्ध्या मिनिटात जखम आक्रसली, गुलाबी झाली, मिटली. सभागृहात हुंदके फुटले. पुढच्या रांगेतला एक म्हातारा पायाची पट्टी सोडू लागला.

"औषध म्हणजे अविश्वास!" बाबा माइकवर गरजले. "दवाखाना महिने मोजतो, माझा हात श्वास मोजतो! रोज एकाच जागेवरून जखमेचा फोटो काढा, मला पाठवा. मी इथून हात फिरवीन!"

मागे प्रोजेक्टरपाशी फोटो स्टुडिओवाली बाई उभी होती. आजच्या पडद्याचं काम तिनं मुद्दाम मागून घेतलं होतं. शेजारी चाकाच्या खुर्चीत तिची आई. आईला गुडघ्याखाली डावा पाय नव्हता. 'तुमची श्रद्धा कमी पडली,' असं बाबा म्हणाले होते आणि आईला ते पटलं होतं. पाय परत येणार नव्हता. लेकीला बाबांचं तोंड बंद झालेलं बघायचं होतं, तेही आईच्या डोळ्यांदेखत.

"आजोबा, पट्टी राहू द्या!" ती ओरडली. "पुन्हा लावते. आता जखमेकडं नको, अंगठ्याच्या नखाकडं बघा."

तिनं गती कमी केली. नख वाढत गेलं, एकदम कापलेलं दिसलं, पुन्हा वाढलं.

"बाबा नेलकटरपण फिरवतात वाटतं!" कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

"हे रोजचे फोटो आहेत," ती म्हणाली. "एकापाठोपाठ भरभर दाखवले की दोन महिने अर्ध्या मिनिटात मावतात. हात फिरवल्याचं चित्रण सुरुवातीला चिकटवलंय."

"पोरी, कोप होईल!" बाबा ओरडले.

"तो पडद्यावरचा पाय माझाय," मधल्या रांगेतून एक सुतार उठला. "फोटो बाबांना पाठवायचो, पण ड्रेसिंग दवाखान्यातच करायचो. बायकोनं सोडूच दिलं नाही. सांगायची लाज वाटली."

बाबा दाराकडं वळला.

"थांबा. आमचेही फोटो आहेत. औषध घे म्हणून आईशी रोज भांडून, रोज मीच काढलेले. तुमच्याच पद्धतीनं जोडलेत."

पडद्यावर आईचा डावा पाय आला. औषध बंद, फक्त फोटो. बोटं निळी पडली, काळी पडली, काळेपणा घोट्यावर चढला. आता कुणी हसलं नाही.

आईनं खुर्ची रेटत नेऊन दारात आडवी लावली.

"असं कसं निघालात, बाबा? श्रद्धा माझी कमी पडली ना? परत लाव गं. बघू दे यांना."

लेकीनं परत लावलं. मग पुन्हा. कुणीतरी फोन करून बोलावलेले पोलीस येईपर्यंत तो पाय पडद्यावर सडत राहिला आणि बाबा दाराशी उभा राहून बघत राहिला.

म्हाताऱ्यानं पट्टी पुन्हा गुंडाळली होती. तुम्हीही सोडू नका. शरीराला भरून यायला दिवस लागतात. अर्ध्या मिनिटात बरी झालेली जखम कुणी दाखवली, तर एवढंच विचारा: मधले दिवस कुठं गेले आणि त्या दिवसांत औषध कुणाचं होतं?