विटेच्या पुडीने उजळलेला गेज

मित्रांनो, जरा टेकून बसा, मीही टेकतो. मी एक जुना गेज आहे. पोलादाची जाड बांगडी समजा, मधोमध गुळगुळीत भोक. लष्करी गाडीमागे ट्रॉली जोडायची पिन त्या भोकातून अलगद गेली आणि खुळखुळली नाही, की माल पास. अडली की नापास. काम एवढंसंच, पण त्याने मी इतका दमलोय, की आता कुणी नुसतं बोट घातलं तरी कंटाळा येतो.

जन्म जबलपूरचा, लष्करी कारखान्यातला. मला भट्टीत लाल करून तेलात बुडवलं, बारीक दगडावर घासलं आणि तपासणीच्या टेबलावर ठेवलं. तिथे मी पिना मोजल्या त्याहून जास्त माणसं मोजली. ज्याचं काम चोख, तो पिन दोन बोटांनी सोडी आणि खिडकीबाहेर बघत राही. ज्याच्या मनात धाकधूक, तो हळूच तळहाताची थाप मारी. आणि जो आधी श्यामसुंदरबाबूंच्या पोराबाळांची खुशाली विचारी, त्याची पिन हमखास अडे. श्यामसुंदरबाबू म्हणजे आमचे तपासनीस. दिवसभर पान खात, पण स्वतःच्या डब्यातलं.

गुणवंतराव तिथेच लोखंड कातायच्या लेथवर होते. खिडकीबाहेर बघणाऱ्यांपैकी. बासष्टची लढाई झाली, कारखान्यात काम मावेना, आणि लहानसहान भाग बाहेरून करून घ्यायचं ठरलं. गुणवंतरावांनी वीस वर्षांची नोकरी सोडली आणि कांचघर मोहल्ल्यात एक जुनी लेथ मांडली. त्यांच्या सासऱ्यांनी मझौलीहून येऊन जावयाच्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप तर नाही ना म्हणून.

ताप नव्हता. कारखान्याने नकाशा दिला, पोलाद दिलं, आणि मला दिलं. सोबत एक चिठ्ठी: गेज दर सहा महिन्यांनी तपासायला आणणे.

दोन वर्षांत एकीच्या तीन लेथ झाल्या. मोहल्ला म्हणे, गुणवंतरावांनी नशीब काढलं. मी कोनाड्यातून ऐके आणि मनात हसे. गल्लीत वीज आली ती काय नशिबाने? वीस वर्षं दुसऱ्याच्या लेथवर तयार झालेला हात, ठरल्या दिवशी येणारं पोलाद, बरोबर माप सांगणारा गेज, आणि माल ठरल्या मापाचा असेल तर तोंड न बघता घेणारं गिऱ्हाईक, एवढं जमून आलं होतं. यातली एक वस्तू काढून घ्या, मग बघा नशीब कुठे जातं ते.

आणि एक वस्तू निघतच होती. ती म्हणजे मी.

झालं असं. पहिल्या खंडेनवमीला गुणवंतरावांच्या पत्नी अनसूयाबाईंनी सगळी हत्यारं पूजेला मांडली. माझ्यावर तेलाचा काळा थर. त्यांनी फडक्यावर विटेची बारीक पूड घेतली आणि मला आतून-बाहेरून असं घासलं, की भोकात समईची ज्योत दिसायला लागली. आलेगेले म्हणाले, "वा! घरात लक्ष्मी आहे." झालं! तेव्हापासून दर शनिवारी भांडी झाली की माझा नंबर. गुणवंतराव कौतुकाने बघत. चिठ्ठी आठवली की म्हणत, "तपासायला दिला तर आठ दिवस अडकवून ठेवतात. तोवर तिन्ही लेथ काय भजन करतील? आणि इतका चकचकीत गेज कारखान्यात तरी आहे काय?"

मला कळत होतं का, असं तुम्ही विचाराल. नाही, मित्रांनो. मला प्रत्येक पिन बरोबरच वाटत होती.

पासष्टचा सप्टेंबर आला. पुन्हा लढाई. बाराशे पिनांची तातडीची मागणी आली आणि गुणवंतरावांनी ती वेळेआधी पुरी केली. मला खिशात घालून ऐटीत ट्रकवर बसले.

श्यामसुंदरबाबूंनी पहिली पिन आपल्या गेजात घातली. अडली. दुसरी, अडली. दहावीही अडली.

"ये कैसे हो सकता है?" गुणवंतरावांनी मला बाहेर काढलं. "देखिए, हमारे में तो मक्खन जैसी जा रही है!"

बाबूंनी मला घेतलं. कपाटातून तपासणीचा पक्का दांडा काढून माझ्या भोकात घातला. तो दांडा माझ्यात घट्ट बसायला हवा होता. तो खुळखुळला.

जन्मभर मी दुसऱ्यांना नापास केलं. माझ्या भोकातून असा आवाज येईल हे कधी मनातही आलं नव्हतं.

"गुणवंत भैया," बाबू हळूच म्हणाले, "पिन ने वही किया जो आपके गेज ने कहा. आख़िरी बार कब लाए थे इसको?"

गुणवंतराव खिडकीबाहेर बघायला लागले. पण हे बघणं वेगळं होतं.

"गाड़ियाँ खड़ी हैं. सोमवार तक माल दीजिए, नहीं तो लिस्ट से आपका नाम कटेगा. मैं नहीं रोक पाऊँगा." मग बाबूंनी कपाटातून नवा गेज काढला आणि वहीत सही घेतली. "मोटी है तो अच्छा है, भैया. पतली होती तो भंगार थी."

ब्लॅकआउटमुळे दिवे लावायची सोय नव्हती. चार दिवस, उजाडल्यापासून मावळेपर्यंत, तिन्ही लेथ एकेका पिनेवरून केसाहून बारीक थर काढत होत्या. अनसूयाबाई नवा गेज घेऊन पाटावर बसल्या आणि एकेक पिन घालून पाहू लागल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला उचललं, उजेडात धरलं, भोकात पाहिलं.

"अहो, हा कशाने झिजला?"

"कामाने. हजारो पिना गेल्या त्यातून."

"खोटं काहून बोलून राहिले? मी घासला ना याला, दर शनिवारी."

गुणवंतरावांनी लेथ थांबवली. "तू घासला. मी चिठ्ठी दाबून ठेवली. आता दोघंबी गुन्हेगार. चलो, पिना पाहा."

"माझ्या बाबांनी तुमच्या कपाळाला हात लावला होता ना, तो काढायलाच नको होता," बाई म्हणाल्या, आणि डोळे पुसून पुढची पिन घेतली.

सोमवारी माल गेला. बाराशेपैकी अकराशे एक्क्याण्णव पास. श्यामसुंदरबाबूंनी पहिल्यांदाच डबा पुढे केला, आणि पान न खाणाऱ्या गुणवंतरावांनी ते खाल्लं.

त्यानंतर नवा गेज अनसूयाबाईंच्या ताब्यात गेला. दर सहा महिन्यांनी तेल लावून, मऊ फडक्यात बांधून, त्या स्वतः रिक्षाने तो कारखान्याच्या फाटकावर नेत. आठ दिवस लेथ बंद राहिल्या तरी चालेल, हे त्यांचं फर्मान. तेवढ्यात यंत्रांची साफसफाई होई, आणि गुणवंतरावांना जेवायला वेळ मिळे.

माझ्या अंगावर लाल रंगाचा पट्टा ओढला. नापास गेजाला तसाच ओढतात, चुकून कुणी वापरू नये म्हणून. तेव्हापासून मी कोनाड्यात आहे. खंडेनवमीला मलाही हळदकुंकू लागतं. घासत मात्र कुणी नाही.

मित्रांनो, तुम्हीही उद्या काही उभं कराल. हात तयार कराल, वीज आणाल, गिऱ्हाईक जोडाल. तेव्हा ज्याच्या भरवशावर तुम्ही बरोबर-चूक ठरवता, त्यालाही अधूनमधून तपासायला नेत जा. तो होऊन सांगणार नाही. त्याला शेवटपर्यंत सगळं बरोबरच वाटत राहतं.