आमेन कोणी म्हणायचं

ताईंच्या माहेरची एक रीत होती: प्रार्थना करणाऱ्याने स्वतः आमेन म्हणायचं नाही, ते ऐकणाऱ्याचं काम. वडील म्हणायचे, "आपणच बोलायचं आणि आपणच मान डोलवायची, याला काय अर्थ आहे?"

ताईंचा धाकटा भाऊ शिंपी. त्याची मुलगी वारली त्या दिवसापासून त्याने आमेन सोडलं. चर्च तर सोडलंच, पण घरात कोणी प्रार्थनेला बसलं की हा ओठांत टाचण्या धरायचा. टाचण्या धरलेल्या माणसाला कोण काय बोलणार! आता त्याची बायको शेवटच्या दुखण्यात होती आणि तिचं एकच मागणं होतं. डोळे मिटायच्या आत यांनी एकदा माझ्याबरोबर प्रार्थना करावी.

ताईंनी विडा उचलला. दगडालाही पाझर फुटेल अशी त्यांची प्रार्थना, चर्चच्या मंडळीत दबदबा होता तिचा, आणि हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

खाटेशी बसून त्यांनी सुरुवात केली, "हे दयाळू पित्या, तुझ्या या लेकराला..." भाऊ दारात उभा, ओठांत टाचण्या, हातात अर्धवट शिवलेली बाही. तेवढ्यात ताईंचं लक्ष भावजयीच्या बोटाकडे गेलं. अंगठी गळून पडू नये म्हणून तिला आतून दोरा गुंडाळला होता. ताईंचे ठेवणीतले शब्द कुठल्या कुठे पळाले.

"देवा," त्या म्हणाल्या, "पोर नेलीस. आता हिलाही नेतोयस. मला तुझा राग आलाय, खूप राग आलाय. पण तुला नाही सांगायचं तर कोणाला सांगू?"

आणि त्या घाबरून थांबल्या. आल्या होत्या भावाला परत आणायला, आणि स्वतःच भलतं बोलून बसल्या.

भावाने एकेक टाचणी काढून बाहीत खोचली.

"आमेन," तो म्हणाला. "हेच म्हणायचं होतं गं ताई, इतकी वर्षं. मला वाटलं, देवाला असं बोलता येत नाही."

ताईंना एकदम उमगलं. त्यांनी काहीच केलं नव्हतं. जो करत होता तो त्यांच्या कितीतरी आधी या खोलीत येऊन बसला होता.

भावाने गुडघे टेकले, बायकोचा हात हातात घेतला. "देवा, मी बोलतोय," एवढंच म्हणाला आणि ढसाढसा रडू लागला.

ताईंना आमेनचं भानच राहिलं नाही. भावजयीनेच ते म्हटलं, डोळे न उघडता, अगदी स्पष्ट.