कान टोचलेला स्क्रू

मी स्क्रू बोलतोय. पेचकसाने आवळतात तो नव्हे हं. मी माणसाएवढा लांब, मनगटाएवढा जाड, अंगभर आटे असलेला. जबलपूरच्या कांचघरात गुणवंतांची प्लास्टिक पाइपची छोटी शेड आहे. तिथल्या मशीनच्या तापलेल्या नळीत मी फिरतो. मागून दाणे पडतात, माझ्या आट्यांतून वितळत पुढे सरकतात आणि हिरवा पाइप होऊन बाहेर येतात.

म्हणजे, हिरवा यायला हवा. माझा निघायचा पट्ट्यापट्ट्यांचा, टरबुजासारखा. पांढरे दाणे आणि रंगाचे दाणे माझ्या अंगावरून शेजारी शेजारी चालत, पण रुसलेल्या व्याह्यांसारखे एकमेकांत मिसळत नसत. कुंडमच्या व्यापाऱ्याने माल परत पाठवला. गुरुवारी तो स्वतः येणार होता. तेव्हाही पट्टे दिसले तर शेड बंद, कारण त्याच्याशिवाय आम्हाला गिऱ्हाईकच नव्हतं.

गुणवंतांच्या पत्नी सत्यभामाबाई. त्यांनी लगेच गणपतीला सव्वा लाख प्रदक्षिणांचा नवस बोलला. गुडघे दुखत होते, म्हणून त्या मला घालायला लावल्या.

"अहो, हा तर मिनिटाला साठ घालतो!"

मला बाहेर काढून हळदकुंकू लावलं. दाणे टाकायच्या डब्यावर गणपतीची तसबीर ठेवली. आता मी फिरतो स्वतःभोवती, देव बसलेले वर. पण माउलीला कोण सांगणार? गुरुवारच्या आत पुऱ्या व्हाव्यात म्हणून वेग नव्वदवर नेला. दाण्यांना माझ्यापाशी थोडी उसंत मिळायची, तीही गेली. पट्टे आणखी ठळक झाले.

बुधवारी गढ्याहून रामराव आले, लोखंड कातणारे जुने खरादवाले. पाइप बघून हसले.

"वहिनी, हा नुसता ढकलून राहिला. गरगर फिरवून रंग मिसळत नाही. टोकाशी भोकं पाडून खिळे बसवू. माल खिळ्यांवर आपटेल, फुटेल, परत एक होईल."

"भोकं? काहून?" बाईंनी माझ्यावर पदर धरला. "पूजेतली वस्तू आहे. खंडित झाली तर नर्मदेत सोडावी लागते."

"अगं, मणभर लोखंड नर्मदेत?" गुणवंत ओरडले.

नर्मदामाई पवित्र, हे खरंच. पण पाण्यात मी गंजतो हो.

मग बाई एकदम म्हणाल्या, "भावजी, आमच्या लेकीचे, श्रद्धाचे कान टोचले, तर ती खंडित झाली का?"

"नाही बुवा."

"मग ह्याचेही टोचू!"

बाईंचे भाऊ गणपत यांना माझे मामा म्हणून बोलावलं. मला त्यांच्या मांडीवर ठेवलं, गूळखोबरं वाटलं. मी रडलो नाही. मामा रडले. मग रामरावांनी मला खराद मशीनवर नेऊन बत्तीस भोकं पाडली, बत्तीस खिळे बसवले.

गुरुवारी वेग पुन्हा साठवर आणला. हिरवं-पांढरं माझ्या खिळ्यांवर आपटलं, फुटलं, दुसऱ्याच्या वाटेत शिरलं, आणि एक झालं. व्यापाऱ्याने पाइप कापून उजेडात धरला.

"अरे भैया, एकदम तोता रंग! भेज दो."

बाईंनी तिथेच डब्यापुढे डोकं टेकलं.

तेव्हापासून मी घरचा मुलगा आहे. संकष्टीला मला मोदक दाखवतात. पण कालपासून बाई पंचांग उघडून बसल्यात. कान टोचले, आता मुंज. मुंजीत डोकं भादरतात, आणि माझं भादरायचं म्हणजे आटे! ते गेले की मी नुसती सळई. दाणे जागच्या जागी बसतील.

मुहूर्त अजून निघालेला नाही. तुमच्यापैकी कोणी शेडवर आलात, तर बाईंना हात जोडून एवढं सांगा, हे लेकरू बिनमुंजीचंच बरं आहे.