वशरामची टॉर्च

रणाच्या खाऱ्या वाळवंटात आमचं मिठागर आणि माझ्या धाकट्या दिराचं, वशरामचं, यांच्यात दोन कोसांचं सपाट अंतर. त्याची बायको बाळंतपणाला गावी गेली, तेव्हापासून तो तिथे एकटाच होता. सकाळी उन्हात त्याने आरसा चमकवायचा आणि दिवस मावळला की टॉर्च तीनदा, म्हणजे सगळं ठीक. मग आम्ही जेवायला बसायचो.

त्या आठवड्यात दोनदा त्याची टॉर्च लागलीच नाही. दोन्ही वेळा आमचे हे धावत गेले आणि दोन्ही वेळा वशराम मजेत रोटला खात बसलेला. आतल्या स्प्रिंगवर मीठ चढून हिरवा गंज धरलेला, दुसरं काय!

पाणी न्यायला आला तेव्हा मी त्याला फैलावर घेतलं.

"मिठाच्या हातांनी सेल घालतोस, मग लागेल कशी? हा घे पॉलिश पेपर, ही कोरडी चिंधी. आधी हात पूस, मग स्प्रिंग घास."

"भाभी, तुम्ही मास्तरीण व्हायला हव्या होत्या."

"थट्टा पुरे. आता लागली नाही, तर तुझा भाऊ येणार नाही. पाय तुटले त्यांचे."

"नका पाठवू," तो हसत म्हणाला.

त्याच संध्याकाळी पलीकडे काही चमकलं नाही. हे चपला घालू लागले.

"बसा गुमान," मी म्हटलं. "घासली नसेल मेल्याने."

ते बसले. मी गरम रोटला वाढला.

सकाळी उन्हात त्याचा आरसाही चमकला नाही, तेव्हा दोघं निघालो. त्याच्या मिठागरातल्या खाऱ्या पाण्याच्या विहिरीची कड ढासळली होती. वशराम छातीपर्यंत चिखलात रुतलेला. यांनी त्याला कसंबसं वर ओढलं. जीव गेला होता, पण अंग अजून पुरतं गार झालं नव्हतं. म्हणजे रात्रभर तो जिवंत होता. मला रडूही येईना.

अंगावर घालायला चादर आणावी म्हणून मी झोपडीत गेले. खाटेवर टॉर्च होती, माझ्याच चिंधीत गुंडाळलेली. मागचं झाकण उघडलं. स्प्रिंग घासून लख्ख केलेली, मिठाचा कण नाही. झाकण लावलं, बटण दाबलं. कुडावर पांढरा उजेड पडला.

"टॉर्च बंदच पडली होती ना गं त्याची?" बाहेरून यांनी विचारलं.

मी बटण बंद केलं.

"हो," मी म्हटलं.