दोर नाकारणारी सांगड

मी सांगड बोलतेय. दोन अरुंद बुडं, मध्ये ताणलेली जाळी आणि वर एक शीड, एवढाच माझा संसार. शहरातले लोक मला कॅटमरान म्हणतात, तांड्यावरची लेकरं ‘दोन पायांची नाव’. दोन्ही चालतं. फक्त ‘बिचारी’ म्हणू नका.

समुद्र मी अजून पाहिलेला नाही. माझा जन्म हिंगोलीतला, नासेरभाईच्या शेडमधला. तिथं कूलरच्या टाक्या दुरुस्त होत. कळमनुरीकडच्या तांड्यातला वसराम आणि त्याची बायको शिला काही वर्षं गोव्याला पर्यटकांच्या बोटींवर कामाला होती. वारा ओळखायला दोघं तिथंच शिकली आणि माझं चित्र डोक्यात घेऊन गावी परतली. नासेरभाई माझ्या फायबरवर हात फिरवत म्हणाला, “कूलरमधलं पानी बाहेर जाऊ द्यायचं न्हाई, हिच्यात बाहेरचं आत येऊ द्यायचं न्हाई. काम बराबर तेच, फक्त उलटं.”

ट्रॅक्टरवर बसून मी तांड्यात आले, तेव्हा वसरामची आई पारुबाई माझ्याभोवती फिरली. “लोकाच्या दारात बैल येतात, आमच्या दारात नाव आली,” म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी तिनं माझ्या जाळीवर मिरच्या वाळत घातल्या. बरेच दिवस मला त्यांचा ठसका होता.

मग इसापूरच्या धरणावर शर्यत ठरली. एका सांगडीत दोघं. दूरच्या बेटाला वळसा घालून परत, असे दोन फेरे, दिवस मावळायच्या आत. कुणाचा दोर धरला की बाद. किनाऱ्यावर नौकाविहार केंद्र निघणार होतं, आणि शर्यत पुरी करणाऱ्यांनाच तिथं शिकवायचं काम मिळणार होतं. शिलाला ते काम हवं होतं. “आपलं पानी असताना परमुलखात काहून राबायचं?” असं ती म्हणायची.

शर्यत तोंडावर आली आणि कनेरगाव नाक्याजवळ वसरामची मोटारसायकल घसरली. खांद्याचं हाड मोडलं. शिलानं तांड्यातल्या गड्यांना विचारलं. कुणी हसले, कुणी तोंडावर म्हणाले, “बाईच्या हुकमाखाली कोन बसंल?”

पारुबाई मिरच्यांचे देठ खुडत होती. मान वर न करता म्हणाली, “मी बसते.”

“याडी, तुला पोहता येतं का?” वसरामनं आईला विचारलं.

“तुला कुणी शिकवलं? डोहात मीच ढकललं व्हतं ना!”

शर्यतीच्या सकाळी एक कार्यकर्ता तिला म्हणाला, “आजी, पाहुण्यांनी मंडपात बसायचं.” तिनं छातीवर लावलेला शर्यतीचा आकडा त्याच्या नाकासमोर धरला. “मंडपात तू बस. मी खेळायला आले.”

पहिला फेरा दोघी भांडतच गेल्या.

“याडी, उजवीकडं सरका!”

“सरकले की! वरडून काहून राहिली?”

माणसं नावेत चढताना घरातली भांडणंही बरोबर घेतात. त्यांचंही वजन मलाच.

दुपारी वारा उठला. आमच्या डोळ्यांदेखत दोन सांगडी पालथ्या झाल्या. माझं एक बूड पाण्यातून सुटलं, तशी पारुबाईनं पाय जाळीवरच्या पट्ट्यात अडकवले आणि पाठ पाण्यावर झोकून दिली. बूड धप्पकन खाली बसलं. शिला पहिल्यांदाच हसली. “अश्याच ऱ्हावा, याडी!”

दुसऱ्या फेऱ्यात बेट मागे पडलं आणि वावटळीसारखा झोत आला. माझी डोलकाठी मोडली. शीड पाण्यात पडलं, शिलाचा तळहात दोरानं सोलून निघाला. डाव्या बुडाचा जोड उकलून पाणी आत शिरू लागलं. बचावाची मोटरबोट जवळ आली. “दोर घ्या ताई. लई केलंत.”

 शिलानं दोराकडे हात केलाही.

“शिले,” पारुबाई म्हणाली, “तुला ते काम पाहिजे का न्हाई?”

“पाहिजे. पन याडी, तुमचे हात...”

“माझे हात हायेत. माझं मी पाहीन.” मग ती बोटवाल्याकडे वळली. “दोर तुझ्या बैलाला लाव, बाबा. आमी येऊन राहिलो.”

दोघींनी काठी आणि शीड वर ओढलं, कोरड्या बुडाकडे सरकून गुडघे टेकले आणि जाळीला बांधलेली वल्ही सोडून हातात धरली. लाट मागं ढकलायची, त्या पुढं रेटायच्या. मीही ठरवलं, आता आणखी उकलायचं नाही. नावेच्या ठरवण्याला काय किंमत असते कोण जाणे, पण ठरवलं. वाटेत त्या एकदाही भांडल्या नाहीत. एकीचं वल्हं मंदावलं की दुसरी नुसती “हं!” म्हणायची.

सूर्य टेकडीला टेकला होता, तेव्हा माझी बुडं गाळात घुसली. लाऊडस्पीकर ओरडला, “आणि ही आली शेवटची नाव!”

पारुबाईला उभं राहता येत नव्हतं. ती जाळीवर बसूनच कडाडली, “शेवटची कशी? बाकीच्या कुठं हायेत?”

माईकवाल्यानं किनाऱ्याकडे पाहिलं. आमच्या आधी दोनच सांगडी आल्या होत्या. बाकीच्या दोरानं ओढून आणलेल्या, ओळीनं पडल्या होत्या. तो खाकरला. “तिसरा क्रमांक,” म्हणाला.

कितीतरी दिवस पारुबाईचे हात वर होत नव्हते. वसराम एका हातानं तिला भाकरीचा घास भरवायचा, आणि ती घासागणिक त्याला शर्यत सांगायची. शिला केंद्रावर रुजू झाली. तिचा पहिला हुकूम ऐकायला त्याच गड्यांतले काही आले होते.

सध्या मी केंद्राच्या ओट्यावर आहे. जोड बुजवून झालाय, नवी काठी यायची आहे. परवा कुणीतरी सुचवलं, हिला रंगवून फाटकावर उभी करू, लोक फोटो काढतील.  शिलानं त्याच्याकडे नुसतं बघितलं, आणि तो माणूस चहा प्यायला गेला.

तुम्हालाही माझं तेवढंच सांगणं आहे. मला शोभेला लावू नका. मी फुटले तर सांधा, परत फुटले तर परत सांधा, पण पाण्यात घाला. फोटो काढायचाच असेल तर काठावर या, आणि जरा लवकर या. वारा सुटला की मी कुणासाठी थांबत नाही.