कंसातला हशा

मोठ्या देशाच्या वकिलातीत माझं काम एवढंच होतं: आमच्या नेत्याचं भाषण ऐकायचं, त्यांच्या भाषेत उतरवायचं आणि खाली सही करायची. सहीच्या वर छापील वाक्य असायचं, 'ऐकलं तसंच लिहिलं आहे.' त्या सहीशिवाय कागद समुद्रापार जात नसे.

लिहिण्याचे नियम ठरलेले होते. बोलणारा थांबला तर कंसात 'विराम' लिहायचं. लोकांनी टाळ्या वाजवल्या तर 'टाळ्या', हसले तर 'हशा', पोट धरून हसले तर 'मोठा हशा'. क्रेनवाल्याचं भाषण असलं की पानभर कंसच कंस.

क्रेनवाला म्हणजे आमचा नेता. निवडून येण्याआधी बावीस वर्षं त्याने बंदरावर क्रेन चालवली, म्हणून सगळे त्याला तेच म्हणत. वकिलातीत म्हणताना नाक मुरडत. माझी आई मात्र असं म्हणायची, जणू तिचा थोरला मुलगाच कामावरून यायचाय. मला स्वतःला तो फारसा आवडत नसे. जीभ तिखट, पण बंदराच्या मंडळावर दोन्ही मेहुणे बसवलेले. आईला हे सांगितलं की ती म्हणे, "बसवू दे गं. आधीच्यांनी अख्खं सासर बसवलं होतं."

त्या सोमवारी सकाळी मी कानाला हेडफोन लावून रविवारची सभा ऐकत होते. आमच्या अर्ध्या बंदरात मोठ्या देशाचं आरमार चाळीस वर्षं तळ ठोकून आहे. क्रेनवाला त्यावरच बोलत होता.

"पाहुणा दोन दिवसांसाठी आला. म्हटलं, ये बाबा. चाळीस वर्षं झाली. आता मी माझ्याच मोरीचं दार वाजवलं, तर आतून हा ओरडतो, कोण आहे रे तिकडे?"

मोठा हशा.

"पुढच्या महिन्यात मी त्याला हाताला धरून बाहेर काढणार. काढणार म्हणजे काढणार! पण टॉवेल देईन हं. ओला माणूस आहे, सर्दी होईल बिचाऱ्याला."

मोठा हशा लिहायला बोटं टेकवली आणि तिथंच थांबले. त्या हशात एक हसू माझ्या ओळखीचं होतं. आधी उचकी लागल्यासारखं, मग श्वास अडकून गप्प, मग एकदम जुनं कपाट उघडावं तसं करकरत. असं जगात एकच बाई हसते. आणि त्याच्यावर एक किंकाळी, आनंदाची, चौदा महिन्यांची. दूध पिताना मध्येच सोडून, माझ्याकडे वर बघत माझी लेक अशीच ओरडते.

मी घरी फोन लावला.

"आई, रविवारी हिला घेऊन कुठे गेली होतीस?"

"बागेत म्हटलं ना."

"बागेत क्रेनवाला आला होता का?"

पलीकडे तिने रेडिओ बारीक केला. मग, "बागेत चिखल होता गं. आणि मैदान काय लांब आहे? टोपी घातली होती तिला."

मला रागवायचं होतं. पण मी ती टेप मागे नेली आणि तेवढाच तुकडा पुन्हा तीनदा ऐकला.

दहा वाजता राजकीय सल्लागारांनी आत बोलावलं. आमचे टायपिस्ट काका त्यांना 'घडी' म्हणत, कारण त्या माणसाच्या शर्टावर बसून उठल्यावरही चुणी दिसत नसे. आमची भाषा त्यांनी पुस्तकातून शिकली होती आणि ती बोलतानाही इस्त्री केल्यासारखी बोलत. ते संत्रं सोलत होते. बिया मुठीत थुंकून टेबलावरच्या एका फाइलवर ओळीने मांडत होते. फाइल आमच्या देशाच्या आरोग्य खात्याची होती.

"हे कंस कशाला?"

"नियम आहे साहेब. तुमच्याच पुस्तिकेत आहे."

"नियम भाषणाचा. श्रोते काय करतात हा वेगळा विषय." त्यांनी पेन्सिल घेतली आणि एकेका हशावर रेघ मारली. मग मोरीवर. मग टॉवेलवर. "हा स्थानिक तपशील आहे. तिकडे कुणाला कळणार नाही."

उरलं ते एवढंच: पुढच्या महिन्यात मी त्याला हाताला धरून बाहेर काढणार. काढणार म्हणजे काढणार. त्याच्या वर त्यांनी स्वतःच्या सुबक अक्षरात लिहिलं, 'हिंसक जमावासमोर.'

"साहेब, तो विनोद करत होता."

"मला कळलं ना. मीही हसलो."

"मग?"

त्यांनी एक फोड तोंडात टाकली. रस हनुवटीवर आला तो मनगटाने पुसला.

"तुम्हाला वाटतं आम्ही त्याला घाबरतो. त्याच्याकडे आहे काय? दोन गस्तीच्या बोटी, त्यातली एक दुरुस्तीला. आम्हाला शिव्या देणारे नेते पुष्कळ आहेत. ते चालतात. शिव्या देणारा आतून घाबरलेला असतो, त्याच्याशी बोलणी करता येतात. हा मात्र लोकांना हसवतो. इथले हसले की शेजारच्या बेटावरचे हसतात, मग त्यांच्या पलीकडचे. अकरा देशांत आमचे तळ आहेत, बाई, आणि प्रत्येक ठिकाणी मोजकी माणसं. ती पुरतात, कारण लोक आम्हाला बिचकतात. उद्या आमचा अधिकारी कुठेही दारात उभा राहिला आणि समोरच्याला टॉवेल आठवला, तर?" ते छान हसले. "धमकीला आमच्याकडे उत्तर आहे. जहाजं आहेत, निर्बंध आहेत. थट्टेला काय पाठवायचं? म्हणून ही धमकी असलेली बरी."

मग त्यांनी खण उघडून दुसरी फाइल काढली. वरचं नाव माझं होतं.

माझा नवरा त्यांच्या देशातल्या एका इस्पितळात परिचारक आहे. तो गेला तेव्हा मी पाच महिन्यांची गरोदर होते. लेकीला बाबा म्हणजे फोन. तो दिसला की ती काचेला ओलं तोंड लावते, आणि पलीकडे त्याचा चेहरा थुंकीने पुसट होतो. तो म्हणतो, "पुसू नकोस, राहू दे." आम्ही तिघांनी एकत्र राहायचं तर या माणसाची शिफारस लागत होती. सात महिने ती फाइल या खणात पडून होती.

"मुलगी किती वर्षांची?"

"चौदा महिन्यांची."

"वडिलांना पाहिलंय?"

"फोनवर."

"अरेरे," ते म्हणाले, आणि चिकट बोटांनी ती फाइल माझ्या मजकुराच्या शेजारी ठेवली, कडेला कड लावून. "दुपारपर्यंत स्वच्छ प्रत द्या."

बाहेर काकांनी माझ्याकडे बघितलं आणि न विचारताच ओळखलं.

"काय काढायला सांगितलं?"

"हशा. आणि वर हिंसक जमाव लिहायचंय. काका, त्या जमावात माझी आई होती. पोरगी होती कडेवर."

"मग तुला बरं माहीत, हिंसक नव्हता ते. तेवढं समाधान ठेव आणि सही कर." ते चष्मा पुसायला लागले. "तीस वर्षांत मी कशाकशाच्या प्रती टाइप केल्या, विचारू नकोस. हात झडला नाही माझा."

"झोप लागते?"

"जेवलं की लगेच."

त्यांचा राग यायला हवा होता. किळस आली, आणि तीही त्यांची नाही, माझीच. कारण मी मनातल्या मनात विमानात लेकीला खिडकीशी बसवायचं की मांडीवर, हे ठरवायला लागले होते. तासभर मी खुर्चीवर बसून राहिले. एकदा वाटलं, निदान एक साधा 'हशा' कुठेतरी कोपऱ्यात राहू द्यावा. ठेवला. मग खोडला. दीड वाजता 'ऐकलं तसंच लिहिलं आहे'च्या खाली मी सही केली. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं.

बुधवारी तिकडच्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर क्रेनवाल्याचा फोटो आला, तोंड वासलेला, मूठ वर. खाली 'उघड धमकी'. दोन युद्धनौका आमच्या दिशेला निघाल्या.

गुरुवारी तो पुन्हा बोलणार होता. मी हेडफोन लावून देवाचा धावा करत बसले. म्हण रे बाबा, टॉवेलाचं बोललो होतो म्हण. दोन वाक्यांचं काम होतं. लोक हसले असते, पलीकडची बेटं हसली असती, आणि माझी सही सगळ्यांसमोर खोटी ठरली असती. ठरली असती तर ठरू दे, असं खरंच वाटत होतं मला.

पण त्याने परदेशी वर्तमानपत्रातला स्वतःचा फोटो पाहिला होता.

"धमकी म्हणतात?" तो गरजला. "हो! धमकीच! अख्खं जग घाबरलंय मला!"

मला. आम्हाला नाही, मला. चार दिवसांपूर्वी मोरीचं दार वाजवणारा तो माणूस या आवाजात कुठेच नव्हता. लोकांनी आरोळ्या ठोकल्या. मी नऊ वेळा 'घोषणा' लिहिलं. 'हशा' एकदाही लिहावं लागलं नाही. सगळी टेप कान देऊन ऐकली. करकरणारं हसूही कुठे नव्हतं.

घडी माझ्या टेबलापाशी आले, पान वाचलं आणि खूश झाले. "पाहिलंत? आता हा आमच्या ओळखीचा झाला." त्यांनी माझी फाइल स्वतः आणून दिली. शिक्का अजून ओला होता.

घरी आले तेव्हा आई लेकीला दुधात भिजवलेलं बिस्कीट भरवत होती आणि रेडिओ चालू होता. मला बघून लेक हात नाचवत आली. मांडीवर घेतली तर तिच्या केसांना दुधाचा वास, मानेच्या घडीत बिस्किटाचा चुरा. मी तिथेच नाक खुपसून बसले.

रेडिओवर तिकडच्या बातम्या वाचत होते. 'रविवारच्या हिंसक जमावासमोर...'

"ऐकलंस?" आई उसळली. "हिंसक म्हणे! अगं, त्या गर्दीत मी हिचा लंगोट बदलला. पुढच्या माणसाने आडोसा म्हणून वर्तमानपत्र धरलं, त्याच्या बायकोने पिशवी दिली घाण ठेवायला. मेलं कोण लिहितं असलं?"

लेकीने माझी बटणं चाचपायला सुरुवात केली.

"मी," मी म्हटलं.

आईने चमचा वाटीत ठेवला. मी काय लिहिलं, काय खोडलं, कुठे सही केली, सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. सांगून झाल्यावर मी पिशवीतून शिक्का मारलेला शिफारशीचा कागद काढून तिच्यापुढे ठेवला. तिने तो वाचला, तारीख पुन्हा वाचली.

मग उठून तिने लेकीला माझ्या मांडीवरून उचललं, पदराने तिची हनुवटी पुसली, आणि कपाट उघडून लोकरीचे कपडे शोधायला लागली.

"तिकडे थंडी असते हं," ती लेकीला म्हणाली. "तुला जाड मोजे विणायला हवेत."

माझ्याशी ती त्या दिवशी बोलली नाही.